भैरूच्या मानेचं माप

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात भैरूने लावलेली थप्पी लांबून ओळखू येते. गोणीवर गोणी अशी बसलेली, की मध्ये बोट शिरायचं नाही. एकतीस वर्षं तो पाठीवर ओझी वाहतोय. मूळचा पाटणकडचा, आता कोपरखैरण्यात दोन खोल्या, बायको शकुबाई आणि एकुलती एक मुलगी वैष्णवी. मानेच्या मागे त्याला लिंबाएवढी गाठ आहे. कुणी विचारलंच तर "आमच्यात सगळ्यांनाच असती" म्हणून मोकळा होतो.

ती गाठ बघतच वैष्णवी वाढली आणि पुढे प्रॉडक्ट डिझाइन शिकली. तिने काय करावं हे तिला कुणी सांगायला नको होतं. हमाल आजवर मानेवर घडी घातलेलं रिकामं पोतं टाकतात. त्याऐवजी तिने एक गादी काढली: मान आणि खांदे झाकणारी, आत फोम, वरून जाड कापड, छातीवरून पट्टी. वर्गमित्र शौनक भागीदार झाला. कॉलेजच्या स्टार्टअप केंद्राने टेबल दिलं, शिरवण्याच्या एका छोट्या कारखान्यात शिवायची सोय झाली. शौनकचं म्हणणं एवढंच होतं, की उन्हाळी कांदा यायच्या आत पन्नास गाद्या मार्केटात द्याव्यात, लोकांना वापरू द्याव्यात आणि बिघडेल ते दुरुस्त करावं. साधी गोष्ट. पण हुशार माणसांच्या घरात साध्या गोष्टींनाच फार वेळ लागतो. इथे दीड वर्ष गेलं.

कारण परीक्षक होता भैरू. वैष्णवीने नवी गादी आणली की तो ती घालायचा, वाळूची पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायचा आणि खोट काढायचा. पहिली घसरते. दुसरीने घाम येतो. तिसरीची शिवण टोचते. वैष्णवी मुकाट्याने ऐकायची आणि दीड महिन्याने नवी आणायची. स्वभाव बापाचाच, तिच्याही कामात बोट शिरता कामा नये. अकरा गाद्या पलंगाखाली जमल्या. शौनक फोनवर ओरडायचा, "अगं बाई, एकदा बाहेर तर काढ!"

"आबा हो म्हणाले की काढते."

आबा काही हो म्हणेनात.

मार्चात वैष्णवीला पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं. जेवताना तिने सांगून टाकलं, "सोमवारी उत्तर द्यायचंय. उद्या बारावी गादी येतेय, आबा. तीही नाही चालली तर मी पुण्याला जाते. तुमच्या मानेला जी चालत नाही, ती दुसऱ्याच्या मानेवर कोणत्या तोंडाने ठेवू?"



गुरुवारी बारावी आली. त्याने घातली, गोणी घेतली, दोनदा फिरला. लेक तोंडाकडे बघत उभी. "उजवीकडं जरा वढती," तो पुटपुटला. वैष्णवीने मान हलवली आणि बॅग काढायला आतल्या खोलीत गेली. भांडली असती तरी बरं वाटलं असतं.

शकुबाई हे सगळं भाकऱ्या थापता थापता बघत होती. तिने कुणालाच काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पलंगाखालून हाताला लागली ती, सातवी, गादी ओढली आणि शेजारच्या गोटीरामला नेऊन दिली. गोटीराम भैरूच्याच टोळीतला. त्याची मान तीन वर्षं आखडलेली.

शनिवारी दुपारी तो गादी काखेत मारूनच दारात आला. "वैनी, पट्टी काखंत काचतीया. फडकं गुंडाळलं बगा."

वैष्णवी धावत बाहेर आली. तिचा चेहरा पडला होता. "द्या काका, आत्ता नीट करून देते."

तिने हात पुढे केला, तसा गोटीराम एक पाऊल मागेच सरला. "तुला नीट करायची ती दुसरी कर. ही म्या देत न्हाई. आज रस्ता वलांडताना मान वळवून गाडी बघितली, पोरी. न्हायतर आख्खा फिराया लागत व्हतो." मग तो भैरूकडे वळला. "टोळीतली चौघं मागत्यात. म्हनली, भैरूदाच्या घरात असलं काय हाय, आन् त्यो कदी बोलला न्हाई?"

वैष्णवीने बापाकडे पाहिलं. "आबा, तुम्ही मार्केटात एकदासुद्धा नेली नाही?"

भैरूने गाठीवर हात फिरवला. "हसतील वाटलं. मला हसली असती तर काय न्हाई गं, मी हमाल मानूस. तुला हसली असती... पोरीनं शिकून हेच केलं म्हनून. म्हटलं, कुनाला नाव ठेवायला जागाच ठिवायची न्हाई."

"मग खोटं सांगत होतात? घसरते, टोचते?"

"खोटं न्हवतं. हुत्या खोडी. पन त्या पोत्यापरास पयलीबी बरीच हुती."

"दीड वर्ष मी काय शिवत बसले मग!"

"बापाचं भ्या," शकुबाई म्हणाली. "चहा घेनार का भावजी?"

वैष्णवीला रडू यायचं ते हसूच आलं. तिने तिथेच उभ्या उभ्या शौनकला फोन लावला. "पन्नास शिवायला सांग. हो, बारावी. उजवीकडे ओढते, माहितेय मला. तरी सांग." पुण्याला ‘नाही’ कळवायला तिने सोमवारचीही वाट पाहिली नाही.

सोमवारी सकाळी भैरू बारावी गादी चढवून कामाला निघाला. गल्लीत पाण्यासाठी बाया उभ्या होत्या, रिक्षावाले दात घासत होते. सगळ्यांच्या नजरा आपल्या खांद्यावर आहेत असं वाटून तो खाली बघत, अंग चोरून चालू लागला.

दारातून शकुबाई ओरडली, "अवो, गोनी मार्केटात हाय अजून! आत्तापास्नं कशाला वाकताय?"

भैरू थांबला. त्याने पट्टी छातीवर नीट ओढून घेतली आणि ताठ होऊन चालू लागला.