काळ्या कुड्याची साल

कुडा दोन जातींचा, पांढरा आणि काळा. दोन्ही पुरुष-दीड पुरुष उंचीची झाडं. पानं समोरासमोर, तोडली की दोन्हीतून चीक येतो, आणि फुलं दोन्हीची पांढरीच. पांढऱ्याचं पान मोठं, रुंद. काळ्याचं लहान, वाळलं की काळपट पडतं, म्हणून तो काळा. शेंगा जोडीनं लोंबतात. काळ्याच्या जोडीची टोकं चिकटलेली, पांढऱ्याची सुटी. हगवणीला साल द्यायची ती पांढऱ्याची. जहर कडू.

हे सगळं माझ्या बायकोचं सांगणं. पोशेऱ्यात आमच्या पाड्यावर कोणालाही साल लागली की तीच आणायची. उगवतीच्या अंगाची, वीतभर, आणि झाडाखालीच तुकडा चावून बघायची. मी कधी चावला नाही. कडू मला सोसत नाही.

दोन वर्षांमागं शिमगा झाल्यावर तिलाच हगवण लागली. विहीर तळाला गेली होती, गढूळ पाणी प्यायलो होतो सगळे. साल आणायला मी गेलो. पानं झडलेली, शेंगा फुटून कापूस उडालेला. दोन झाडं शेजारी उभी. जवळचं होतं ते सोललं.

काढा पिऊन ती म्हणाली, "ही कडू नाही. काळ्याची आणली तू."

"आजारात जिभेची चव जाते. गुमान पी."

"माझी गेली असंल. तुला तर कधी नव्हतीच. चावून बघ."

नाही बघितली. तीन दिवस तोच काढा पाजला. तिनंही प्यायला, वाद घालायला जीवच उरला नव्हता. चौथ्या दिवशी जीपनं मोखाड्याला नेली. डॉक्टर म्हणाला, अंगातलं पाणी संपलंय, पहिल्याच दिवशी का नाही आणली? संध्याकाळी गेली.

बारावं झाल्यावर चुलीमागं उरलेली साल चावली. नुसती तुरट होती.

परवा खालच्या घरची सून आली. सासूला हगवण लागली म्हणे.

"मामा, साल दे. मामी द्यायची."

"नाही."

"मग झाड तरी दाखव."

"झाड बघायला वेळ आहे तुला? नाक्यावर जीप भरतेय. सासूला उचल आणि बस आधी."

"मामी गेली आणि म्हातारा पार तुसडा झाला," असं मला ऐकू येईल एवढ्यानं बोलत ती गेली. बोलू दे. सासूला जीपमध्ये चढवेपर्यंत मी बांधावरून हललो नाही.