आधी जीभ दाखव

नव्वदच्या दशकात अबू धाबीतल्या अल ऐन शहराबाहेरच्या एका वस्तीत आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. मागच्या वाळूच्या टेकडीवर त्यांनी चक्क स्की रिसॉर्ट काढलं होतं. रिसॉर्ट म्हणजे एक तंबू, लिंबू सरबताचं पिंप आणि कुठूनतरी मागवलेल्या जुन्या स्कीज. लोक हसायचे आणि शुक्रवारी पोरांना घेऊन तिथंच यायचे.

तिकिटाआधी प्रत्येकाला जीभ दाखवावी लागे. एखाद्या कंपनीचा मॅनेजर आला तरी, "हबीबी, जबान दिखाओ!" जीभ कोरडी दिसली की डॉक्टर सरबताचा पेला पुढे करत. "आधी हे. मग घसरा."

एकदा माझी मुलगी उतारावर कोसळली ती उठेचना. मी ओरडलो, "डॉक्टर, पळा!" पण ते देवदर्शनाला निघाल्यासारखे सावकाश चढू लागले. माझं डोकंच फिरलं.

वर जाऊन त्यांनी तिचा घोटा दाबला, बोटं हलवायला लावली. मग माझ्याकडे बघितलं. "खलास, काळजी संपली. नुसता मुरगळलाय. मी पळालो असतो ना, तर ही आणखी घाबरली असती."

माझ्या जिवात जीव आला.

तंबूत मुलगी डोळे पुसत म्हणाली, "डॉक्टर अंकल, नाऊ यू शो मी!"

त्यांनी निमूटपणे जीभ बाहेर काढली. पार कोरडी पडली होती.

एरवी आमच्याशीही इंग्रजीत बोलणारी पोरगी सरबताचा पेला त्यांच्यापुढे धरून मराठीत म्हणाली, "आधी हे."