काठमांडूतलं एक सिम आणि कडेगावचे आबा

आबांना विमानात बसवायचं हे माझं जुनं स्वप्न. माझ्या वडिलांनी पस्तीस वर्षं कानपूरच्या सराफ बाजारात गलाईचं, म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं काम केलं. भट्टीसमोरून उठले ते थेट कडेगावला घरी येऊन बसले. पशुपतिनाथाचं दर्शन एवढी एकच इच्छा ते अधूनमधून बोलून दाखवायचे. आईचे गुडघे तयार नव्हते, म्हणून आम्ही बाप-लेकच निघालो.

तयारीत सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते फोननं. विश्रामबागच्या कॉलेजात ऑफिसचं काम करते, त्यामुळे सगळी माहिती काढून, लिहून घेण्याची खोड आहेच. तुम्ही जाणार असाल तर ऐका. आपलं सिम नेपाळात रोमिंगवर चालतं, पण तिथलं घेतलेलं स्वस्त पडतं. बँकेच्या ओटीपीसाठी आपलं सिम फोनमध्येच राहू द्या, फक्त त्याचा डेटा बंद ठेवा. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरवर चालू द्या. आणि विमानाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधारच्या भरवशावर राहू नका.

आबांच्या साध्या फोनवर मी रोमिंगचा पॅक टाकला. आईला बजावलं, "परदेशातल्या नंबरवरून फोन आला तर उचलायचा नाही. सगळे फसवे असतात." एवढं केल्यावर मला अगदी हुशार वाटत होतं.

पहाटे गाडी काढली. कऱ्हाड, सातारा, खंबाटकी करत शिरवळला चहाला थांबलो, तेव्हा आबांना म्हटलं, फोन चालू करून बघू.

"फोन? त्यो कपाटात ठिवलाय."

"अहो आबा!"

"तुज्याकडं हाय न्हवं? एका घरातली दोन माणसं, दोन-दोन फोन कशाला?"

मागं फिरलो असतो तर पुण्याचं विमान चुकलं असतं. चहा संपवला आणि गाडी पुढं काढली.

दिल्लीत विमान बदलून दुपारी काठमांडू. विमानतळावरच सिमचं काउंटर आहे. ओळखपत्राची प्रत आणि एक फोटो दिला की पंधरा मिनिटांत काम होतं. आठवड्याचा डेटा धरून आपले चार-पाचशे रुपये गेले. घड्याळ पंधरा मिनिटं पुढं करायचं असतं, याची आबांना फार गंमत वाटली. आपल्या शंभराच्या नोटा टॅक्सीवालेसुद्धा आनंदानं घेतात. त्यातल्या काही मी आबांच्या बंडीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पशुपतिनाथ. चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत, म्हणून पर्स ठेवायला मी वळले. आबा रांगेत पुढं गेले. दर्शन घेऊन बाहेर आले तर आबा नाहीत. देवळाला चार दारं आहेत, हे मला तेव्हा कळलं.

आधी राग आला. अर्ध्या तासानं रागाची भीती झाली. बहात्तर वर्षांचा माणूस, साखरेच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये, फोन कडेगावच्या कपाटात. चारही दारांना फेऱ्या मारल्या, नदीच्या घाटावर उतरले, पोलीस चौकीत फोटो दाखवला. तो पोलीस शांतपणे म्हणाला, "दीदी, मिल जाएँगे. रोज मिलते हैं." मला त्याचा जीव घ्यावासा वाटला. फोनवर सगळे बार फुल्ल होते आणि ज्यांना लावायचा ते आबाच फोनवर नव्हते. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात फिरत होतं.

अडीच तासांनी व्हॉट्सॲपवर आईचाच फोन आला.

"अगं, तुजं आबा न्यू रोडला सोनारांत बसल्यात म्हनं. च्या पित्यात."

मी समोरून येणाऱ्या टॅक्सीला हात केला.

झालं होतं ते असं. अर्धा तास वाट बघून आबांनी टॅक्सीवाल्याला हिंदीत सांगितलं, सोन्याच्या बाजारात चल. आमच्या भागातली गलाईवाली माणसं गावोगावच्या सराफ बाजारांत असतात, तर इथंही असणारच, हा त्यांचा हिशोब. तिसऱ्या दुकानात त्यांना विट्यापलीकडच्या एका गावचा संजय सापडला. आबांना पाठ होता तो फक्त आईचा नंबर. संजयनं लावला, तर आईनं माझा शब्द पाळून दोनदा कापला. तिसऱ्यांदा वैतागून, शिव्या द्यायला म्हणून उचलला.

मी पोचले तर आबा भट्टीशेजारी स्टुलावर बसून संजयला धातूचा रंग कसा बघायचा ते शिकवत होते. मला बघून म्हणाले, "कुठं हुतीस गं? किती वाट बघायची मान्सानं?"

मी रडले, मग भांडले, मग संजयच्या खोलीवर पिठलं-भात जेवले. आबा आणि संजयचा एक फोटो काढला. पुढचे दोन दिवस भक्तपूर, पाटण झालं. सुंदर आहेत म्हणतात. मी मुख्यतः आबांचा हात धरून चालत होते.

निघताना संजयनं स्वतःच्या आईला पोचवायला एक शाल दिली. परतल्यावर रविवारी आबांना घेऊन त्याच्या गावी गेले. चार वर्षं तो घरी आलेला नाही, हे तिथं कळलं. त्याच्या आईनं शाल बाजूला ठेवली आणि आधी विचारलं, "आंगानं कसा हाय वो? वाळलाय का?"

मी फोटो दाखवला. त्यांना बोटांनी मोठा करता येत नव्हता, मी करून दिला. बराच वेळ बघून म्हणाल्या, "तुमचं आबा घावलं, लय बरं झालं बाई. ह्यो मला मिळंल का?"

त्यांचा फोन बटणांचा. म्हणून विट्यात येऊन एका फोटोच्या दुकानात मोठी प्रत काढायला दिली. दुकानदार म्हणाला, "ताई, मोठा करायचा तर ह्या बाजूचं म्हातारं कापावं लागंल. चालंल?"

बाहेर गाडीत बसून आबा उशीर झाला म्हणून हॉर्न वाजवत होते. मी म्हटलं, कापा.