अण्णांनी रीळ कापलं नाही

आमच्या अण्णांवर कुणी चोरीचा आळ घेतला असता तरी मी एवढी चिडले नसते. पण परंड्यात भरल्या सभागृहात महालिंगप्पा आडत्यांनी "रामहरीनं रीळ कापलं" म्हणून सांगितलं, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रामहरी म्हणजे माझे वडील. तरुणपणी ते जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. तेव्हा शेवटचा खेळ लवकर आटपावा म्हणून कितीतरी ऑपरेटर मधलं एखादं रीळ सरळ गाळायचे. मारामारी चालू असताना एकदम लग्नच लागायचं! अण्णांनी कधीच रीळ गाळलं नाही. शेवटी येणाऱ्या नावांच्या पाट्यासुद्धा ते पूर्ण दाखवायचे. "ज्यानं शूटिंगला दिवे उचलले त्याचं नाव शेवटी येतंय. ते म्या का खाऊ?" असं म्हणायचे. मालक ओरडायचा, लोक बसायची पोती झटकून चालू लागायचे, अण्णा मात्र मशीन बंद करायचे नाहीत. पुढं टॉकीज मोडली आणि अण्णा वायरमन झाले. आता दर शनिवारी ते आमच्या गल्लीतल्या सभागृहात प्रोजेक्टर लावून फुकट सिनेमा दाखवतात. लोक अजूनही बसायला घरची पोतीच आणतात. हौसेपायी पदरचे पैसे घालतात आणि कमावतात ते फक्त नाव. महालिंगप्पांनी त्या नावालाच हात घातला होता.

त्या शनिवारी ऑस्ट्रेलियातला सिनेमा होता. निवड अण्णांचीच. लाल माती, वाळकं गवत आणि मेंढरं बघून मला म्हणाले, "समृद्धी, ही तर आपलीच माळरानं की गं!" गोष्ट एवढीच, की मेंढ्या पाळणाऱ्या घरातली एक मुलगी भर दुपारी नाहीशी होते आणि एक फौजदार तिला शोधत फिरतो. बोलणं जेमतेम. त्याचा अर्थ मी अण्णांना आधीच सांगून ठेवला होता आणि ते माईकवर मराठीत बोलत होते. बाकी नुसता वारा आणि माशा.

पडद्यावर कुणी बोलेना, म्हणून आमचे लोक बोलायला लागले. आमच्याकडं माणूस हरवलं की आधी विहीर बघतात. फौजदारानं जीप काढली तशी बायकांतून हाक गेली, "आरं, आधी हीर बघ की!" मग जीप वळली की सगळं सभागृह ओरडायचं, "हीर! हीर!" पुढंच बसलेल्या मेंढपाळ बानूबाईंची तक्रार वेगळीच होती. "एवढ्या मेंढरांमागं एकच कुत्रं?" महालिंगप्पांनी तर मध्यंतरातच खुनी ठरवून टाकला. "पोरीचा चुलता. नजर बघा त्याची." अण्णा गालात हसत होते. सिनेमा रंगला होता.

शेवटी मुलीची आई ओसरीवर दिवा लावते, फाटक उघडं ठेवते आणि नावं सुरू होतात. ना मुलगी सापडली, ना चुलत्याला बेड्या पडल्या.

महालिंगप्पा ताडकन उठले. "रामहरी, शेवटचं रीळ कुठंय?"

"आता रीळ नसतंय, महालिंगप्पा. पिच्चर इतकाच हाय."

"असा कुठं पिच्चर असतोय व्हय? फुकट दाखवतूस म्हणून कापून दाखवणार का? रामहरीनं रीळ कापलं, दुसरं काय!"

लोक हसले. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, तंबूतली ती तऱ्हा सगळ्यांना आठवत होती. अण्णांनी माईक खाली ठेवला, पण प्रोजेक्टर बंद केला नाही. मी तावातावानं उठणार, तेवढ्यात बानूबाई उभ्या राहिल्या.

"आवो महालिंगप्पा, माझा धाकला भाऊ, बिरदेव, कुर्डुवाडीच्या यष्टीत बसला. त्यो आजून आला न्हाय. म्या बी दार उघडंच ठिवते. त्याचं रीळ बी रामहरीनंच कापलं का?"

पडद्यावर नावं सरकतच होती. महालिंगप्पा खाली बसले. मग म्हणाले, "फुडच्या शनिवारी हाच लाव. म्या नीट बघतो."

अण्णांनी तोच लावला. शेवट ठाऊक असलेला सिनेमा बघायला कोण येतंय, असं मला वाटलं होतं. पण मागच्या वेळेपेक्षा जास्त माणसं आली. या वेळी "हीर, हीर" कुणी ओरडलं नाही. आईनं दिवा लावला तेव्हा बायका बानूबाईंकडं बघत होत्या. नावं सुरू झाली आणि एकही पोतं झटकलं गेलं नाही. अण्णा प्रोजेक्टरपाशी उभे राहून डोळे पुसत होते. मला माझ्या बापाचा एवढा अभिमान कधी वाटला नव्हता.

कळंबहून आलेला कुणाचा तरी पाहुणा दारातून म्हणाला, "संपलं? मग पोरगी कुठं गेली? कापलं का काय?"

महालिंगप्पांनी पडद्यावरची नजरही हलवली नाही.

"आमचा रामहरी कापत नसतोय. शेवटचं नाव जाऊ दे, मग ऊठ."