अजमानची जागा

अमेरिकेतल्या निवडणुकीचा निकाल आमच्याकडे सकाळी लागतो. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी दुबई मरीनातल्या आपल्या घरी नाश्त्यालाच बोलावलं होतं. मिसळ, जिलबी आणि भिंतीएवढ्या टीव्हीवर लाल-निळा नकाशा. सोफ्यांवर दहा-बारा पुरुष, आणि त्यातला प्रत्येक जण अमेरिकेचा जाणकार. यांच्यापैकी एकानेही दुबईत आल्यापासून भारतात मत दिलेलं नाही, कारण त्यासाठी रजा काढून विमानाने जावं लागतं आणि रजा लग्नकार्यांसाठी राखून ठेवायची असते. त्या बुधवारी मात्र ऑफिसला अर्धी दांडी मारून सगळे हजर होते. टेक्सासच्या कुठल्या जिल्ह्यात काय होणार, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"हे लॅटिनो लोक म्हणजे निव्वळ व्होट बँक," अध्यक्ष पाव मोडत म्हणाले. "एकाने हाक मारली की सगळे त्याच्या मागे." तासाभराने आकडे भलतेच यायला लागले, तेव्हा त्याच अध्यक्षांनी त्याच सुरात सांगितलं, "बघा, यांच्यात युनिटी म्हणून नाही. अर्धे इकडे, अर्धे तिकडे." म्हणजे एकत्र मत दिलं तर मेंढरं आणि वेगवेगळं दिलं तर फुटीर. गंमत म्हणजे एकालाही हसू आलं नाही. माझा नवरा तर दोन्ही वेळा मान डोलावत होता. अध्यक्षांच्या कंपनीत शिरायचा त्याचा वर्षभर प्रयत्न चालला होता, म्हणून तासाभराच्या अंतरावर, स्वस्तातल्या अजमानमध्ये राहणाऱ्या आम्हाला मरीनाचं आमंत्रण, आणि म्हणून मी तर्रीचं पातेलं धरून उभी. मला मिसळ वाढायला बोलावलं होतं, मत विचारायला नाही.

माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक अमेरिकन बाई बसते. तिचे आजी-आजोबा मेक्सिकोतून आलेले, म्हणजे ती लॅटिनोच, आणि ती वाढली कॅलिफोर्नियातल्या एका शेतीच्या गावात. दुसऱ्या दिवशी जेवताना मी तिला हा मेंढरांचा किस्सा सांगितला. तिने खांदे उडवले. "माझ्या सख्ख्या भावाचं आणि माझं मत वेगळं आहे," ती म्हणाली. "सणाला एकत्र बसलो आणि कोणी राजकारण काढलं की आई आमच्या पुढ्यातली ताटं उचलून नेते. आमच्यासारख्यांनी एकच विचार करावा, हे कोणी ठरवलं?"

मग तिने तिच्या गावाची गोष्ट सांगितली. गावात निम्म्याहून जास्त लोक तिच्यासारखे, द्राक्षं खुडणारे, पॅकिंगच्या शेडमध्ये राबणारे. नगर परिषदेत मात्र वर्षानुवर्षं सगळे गोरे. कारण तिथे वॉर्डच नव्हते. साऱ्या गावाने मिळून साऱ्या जागा निवडायच्या. यांच्यातल्या पुष्कळांना अजून मताचा हक्क नव्हता आणि ज्यांना होता ते मतदानाच्या दिवशी कामावर. त्यामुळे मतं दर वेळी थोडी कमी पडायची, आणि थोडी कमी म्हणजे एकही जागा नाही. रेल्वेच्या रुळांपलीकडे यांची वस्ती, तिथे रस्त्यावर दिवेसुद्धा नव्हते. कोणी तक्रार केलीच तर परिषदेतले लोक म्हणायचे, आम्ही साऱ्या गावाचे आहोत, त्यात इकडचा-तिकडचा भेद कसला करता?

शेवटी लोक कोर्टात गेले. गावाचे वॉर्ड पाडले गेले. तिची मावशी शाळेच्या खानावळीत काम करायची, ती रुळांपलीकडच्या वॉर्डातून उभी राहिली आणि पडली. पुढच्या खेपेला सगळं घर कपडे धुण्याच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसलं. जो दिसेल त्याचं नाव मतदार म्हणून नोंदवायचं. मावशी निवडून आली. रस्त्यावर दिवे आले. आज त्या परिषदेत निम्म्याहून जास्त यांचीच माणसं आहेत. एक मामेबहीण तर राज्याच्या विधिमंडळात पोचली आहे. "आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाही," माझी मैत्रीण म्हणाली. "सत्ता मिळाली म्हणजे माणसं चांगली होतात असं मी म्हटलेलं नाही. पण आता मोठमोठे उमेदवार मोडकं स्पॅनिश पाठ करून आमच्या दारात येतात. पूर्वी हाकलायलासुद्धा कोणी यायचं नाही."

ती बोलत होती आणि मला आमचं मंडळ दिसत होतं. आम्ही अजमान-शारजावाले मंडळात संख्येला कमी नाही. कार्यक्रमाच्या खुर्च्या आम्ही भरतो, गणपतीला मोदक आमच्या बायका वळतात, नाचायला पोरं आमची. पण घरभाडं परवडत नाही म्हणून अजमानला राहणारा माणूस कार्यकारिणीत कशाला हवा? कार्यकारिणी कायम मरीना आणि जुमेरा या महागड्या वस्त्यांची. तीही बिनविरोध. अध्यक्ष यादी वाचतात, आपण टाळ्या वाजवतो, मग बटाटेवडे. बिनविरोध हा आमच्या मंडळाचा केवढा अभिमान! इतरांच्या मंडळांत भांडणं होतात, आम्ही सुसंस्कृत.

याच सुसंस्कृत कार्यकारिणीने आमचा अजमानचा मराठी वर्ग बंद करायचं ठरवलं होतं. दर शनिवारी एका बिल्डिंगच्या हॉलमध्ये आमच्यातलीच एक आई मुलांना शिकवायची. हॉलचं भाडं मंडळ द्यायचं. आमच्या मुलीला नऊ वर्षांत मी जे देऊ शकले नव्हते, ते त्या वर्गाने दिलं होतं. ती पुण्यातल्या आजीशी फोनवर मराठीत भांडायला लागली होती. आता म्हणे एकच सेंटर, मरीनाला. अजमानहून मरीना म्हणजे रहदारीत अर्धा शनिवार जाणार. इतक्या लांब कोणी पोर नेणार नव्हतं, हे अध्यक्षांना चांगलं ठाऊक होतं.

मी त्यांना फोन केला. वर्ग राहू द्या, आणि कार्यकारिणीत एक जागा अजमान-शारजाची ठेवा, म्हटलं.

"वहिनी, असं डिव्हाइड नका ना करू," ते म्हणाले. "आपण सगळे मराठी. वन फॅमिली. त्यात अजमान-दुबई कसलं आलं?"

रुळांपलीकडची वस्ती मला तिथेच आठवली. हजारो मैलांवरच्या त्या परिषदवाल्यांची आणि यांची कधी भेट झाली असणं शक्य नाही, पण बोलणं सही सही तेच. मी पिच्छा सोडला नाही. महिनाभराने मंडळाचा निरोप आला की अजमानची जागा मंजूर, आणि त्या जागेसाठी अमुक गृहस्थांचं नाव ठरलंय, सभेत फक्त मंजुरी घ्यायची. हे गृहस्थ अध्यक्षांच्या टॉवरमध्ये राहतात. अजमानशी त्यांचं नातं एवढंच की तिथला त्यांचा एक फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. आमच्या तोंडाला इतक्या सफाईने पानं पुसलेली मी पूर्वी पाहिली नव्हती.

मी कळवलं की त्या जागेला मी उभी आहे. मंडळाच्या बिनविरोध परंपरेला जणू सुतक लागलं. ऑफिसातल्या मैत्रिणीने एकच सल्ला दिला, "घरोघरी जा, आणि चहा पिऊन परत येऊ नकोस. स्पष्ट मत माग." मी अजमानच्या बिल्डिंगी पालथ्या घातल्या. प्रत्येक दारात एकच सांगितलं की वर्ग राहिला पाहिजे, म्हणून मला मत द्या. "अगं, नक्की! हे काय विचारणं झालं?" सगळे म्हणाले. माझा नवरा गाडीत बसून राहायचा. वर यायचा नाही. पार्किंग मिळत नाही म्हणायचा.

सभा दुबईत एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. चिठ्ठ्या टाकून मतदान घ्या, असं मी म्हटलं. "आपल्या आपल्यात लपवायचं काय आहे?" अध्यक्ष हसून म्हणाले. हात वर करायचे ठरलं. ते स्वतः पुढे उभे राहिले आणि एकेका रांगेवरून नजर फिरवायला लागले. इथे नोकरीवर व्हिसा असतो आणि व्हिसावर सगळं घर. नोकऱ्या कोणाच्या ओळखीने लागतात, हे त्या हॉलमध्ये कोणाला शिकवायची गरज नव्हती. माझं नाव पुकारलं, तेव्हा वर्ग शिकवणाऱ्या बाईचा हात वर झाला, मागे बसलेल्या चार-पाच जणींचा झाला. नक्की म्हणणारे बाकीचे मूग गिळून बसले. मी शेजारी पाहिलं. नवऱ्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि तो टक लावून स्टेजकडे बघत होता, जणू तिथे काही चाललं होतं.

त्याने हात वर केला असता तरी आम्ही पडलोच असतो, आणि चांगलेच पडलो असतो. म्हणून तर मला त्याचा जास्त राग आला. काही बदलणार नव्हतं, तेवढ्यापुरतंही त्याचं धाडस झालं नाही. फ्लॅटवाले गृहस्थ निवडून आले. टाळ्या झाल्या, आणि वर्ग बंद झाला.

आम्ही तिघं गाडीने परत निघालो. शारजा ओलांडल्यावर नवरा म्हणाला, "हे बघ, आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्यांनी असली भानगड करायची नसते. आणि वर्ग काय, मरीनाला आहेच ना? जमेल तसं नेऊ."

"कोण नेणार?" मी विचारलं.

मागच्या सीटवरून मुलगीच बोलली. "इट्स ओके, आई. मरीना इज टू फार. आय कॅन जस्ट ड्रॉप मराठी. आय डोन्ट माइंड."

त्याचे खांदे सैल पडलेले मला अंधारातही दिसले. "बघ! खलास. तिलाच नकोय," तो म्हणाला आणि अजमानच्या वळणासाठी सिग्नल दिला.

एरवी शाळेसाठी तीन हाका माराव्या लागणारी ही मुलगी शनिवारी मराठीच्या वर्गासाठी आमच्या आधी उठून, दप्तर भरून दारापाशी बसलेली असायची. रोज तिला उठवणारा तोच होता, आणि हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.