बद्रीनाथ गाइडची बार्सिलोना

खुलताबादच्या बद्रीनाथनं पासपोर्ट काढला त्याला नऊ वर्षं झाली. पासपोर्ट दहा वर्षांचा, आणि शिक्का एकही नाही. तीस वर्षं वेरूळला गाइडगिरी करून त्यानं अख्ख्या जगाला लेणी दाखवली, पण जगानं काही त्याला उलट आवतण धाडलं नाही. गावात कुणीही भेटलं की विचारायचं, "काय गाइडसाहेब, विमान चुकलं व्हय?"

म्हणून सिडकोतल्या मोनिकाताईंच्या टूर ऑफिसात बार्सिलोनाच्या सहलीबरोबर जायला गाइड हवाय हे कळताच तो इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाला. प्रवासी अकरा, सगळे साठीच्या पुढचे. समोरच्या खुर्चीत त्याच कामासाठी आलेला चिन्मय आधीच बसलेला. चिन्मय बार्सिलोना दोनदा बघून आला होता, आणि हे तो दर दोन वाक्यांनी सांगायचा. एका दिवसात त्यानं कागदावर अकरा ठिकाणं बसवली होती. सकाळी सग्रादा फॅमिलिया हे थोरलं चर्च, भर दुपारी टेकडीवरचं पार्क ग्वेल, मग जुन्या गल्ल्या, बाजार, समुद्र आणि काय काय.

बद्रीनाथनंही आठवडाभर मोबाइलवर त्या शहराचे व्हिडिओ पाहिले होते. पण इमारती सोडून नुसत्या पायऱ्या, बाकडी आणि पाण्याचे नळ बघत.

"लई झालं हे," तो म्हणाला. "आन् पार्काचा चढ दुपारी? तो म्हंजे आपल्या देवगिरीचाच चढ की."

"काका, तुम्ही गेलायत का कधी तिथं?" चिन्मय हसला.

"नाय. पण म्हातारी माणसं चढवलीत. रविवारी अकराही जणांना देवगिरीवर आणा, भर बाराला. तुमच्या कागदाबरहुकूम."

मोनिकाताईंना निवाडा हवाच होता. त्यांनी गाडी ठरवली आणि स्वतःही सोबत निघाल्या.

किल्ल्याच्या पायथ्याशी सत्तरीच्या अनसूयाबाई म्हणाल्या, "मी रोज तीन मजले चढते हो." थोड्याफार फरकानं सगळेच तसं म्हणाले. चिन्मय झेंडी घेऊन पुढं, तोंडानं इतिहास चालू. चिनी महालाशी त्यानं मागं वळून पाहिलं, तर इतिहासाला श्रोताच नाही.

बद्रीनाथ खालच्या एका दरवाज्याच्या कमानीखाली जाऊन उभा राहिला होता. गाइडनं हाका मारायच्या नसतात, सावली धरायची असते. माणसं आपोआप जमतात. अकराच्या अकरा तिथं टेकली होती आणि तो लिंबूपाणी वाटत बोलत होता.

"चर्चच्या मावळतीच्या काचा लाल-केशरी हायेत. वेरूळच्या लेण्यांची तोंडं बी मावळतीलाच. मग तिथं चारनंतर जायचं. पार्कात सकाळी, गारव्यात. समुद्र शेवटी, कारण तिथं नुसतं बसायचं असतं. राहिली आठ ठिकाणं. ती चिन्मयरावांनी दोनदा पाहिलीत, त्यांनाच इचारू."

चिन्मय घामाघूम होऊन खाली आला. "अहो, वरची तोफ राहिली!"

"इतकी वर्षं राहिलीय, अजून तासभर राहील," अनसूयाबाई म्हणाल्या. "मोनिका, हे बद्रीनाथ येणार असतील तर माझं नाव ठेव. नाहीतर काट."

बाकीची दहा डोकी हलली. मोनिकाताईंनी विचारलं, "काका, पासपोर्ट आहे ना?"

बद्रीनाथनं तो शर्टाच्या खिशातूनच काढला. अनसूयाबाईंनी पानं चाळली. "अहो, हा तर कोरा करकरीत!"

"जागा धरून ठेवलीय, बाई."

मग त्यानं कमानीबाहेर डोकावून ऊन बघितलं. "कललं. चला आता तोफ बघाया. चिन्मयराव, तुम्ही मागून या. कुणी बसलं तर आवाज द्या."

अकराही जण उठले.