दगडी कुंडीतले तिघे

कामिओरी वस्तीत एके काळी अकरा घरं होती. आता चूल पेटते ती एकाच घरात, एक्याऐंशी वर्षांच्या तोकुजिरोंच्या. तळ्याचं पाणी कुणाच्या भातखाचरात किती वेळ सोडायचं, हे ठरवायचं काम एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं आणि पाण्याच्या बाबतीत त्यांनी कुणाला खोटं सांगितलं नाही. आता खाचरांत गवत माजलंय. तरी ते रोज सकाळी तळ्याच्या तोंडाची, पाणी अडवणारी फळी तपासून येतात. पत्नी किनुए गेल्यापासून दिवसातून दोनदा.

मे महिन्यात मात्र पाहुणी यायची. मिनोरी, ओकायामाच्या विद्यापीठातली विद्यार्थिनी. ती तळ्यातले मेडाका मोजायची. बोटाच्या पेराएवढा हा मासा. पण या खोऱ्यातलं त्याचं घराणं जगात दुसरीकडे नाही, असं ती सांगे. पहिल्या वर्षी दोनशे सापडले, मग साठ, गेल्या वर्षी एकोणीस. "एकही नाही सापडला तर हे तळं आमच्या मोजणीच्या यादीतून जाईल, आजोबा," जाताना ती म्हणाली होती. म्हाताऱ्याने त्यातून एवढंच घेतलं, की मासे नसले तर पोरगी येणार नाही.

यंदा एप्रिलमध्ये त्यांनी चार दिवस तळं धुंडाळलं. तीन मासे मिळाले. मग ते बसने गावात गेले, माशांच्या दुकानातून चाळीस मेडाका निवडून आणले, रंगाने करडे, आणि तळ्यात सोडले. नव्यांच्या गर्दीत जुने बुजतील म्हणून त्या तिघांना मात्र दारातल्या दगडी कुंडीत ठेवलं.

मिनोरी आली ती चेस्टनटच्या वड्यांचा डबा घेऊन. दुपारपर्यंत तिने जाळी फिरवली.

"सदतीस! आजोबा, वाढले की हो!" रबरी बुटांतच ती नाचली. "आता अहवालात लिहिते, घराणं वाचलं म्हणून."

तोकुजिरोंनी गप्प राहायचं ठरवलं होतं. पण गोष्ट पाण्याची होती.

"दुकानातले आहेत ते," ते म्हणाले.

"कुठल्या दुकानातले?"

"बसथांब्यासमोरच्या. मला वाटलं, मासा तो मासा. दिसतात तर तसेच."

मिनोरी बांधावर मटकन बसली. "मी उद्या तुमच्या घरी राहायला आले, तर किनुए आजी होईन का मी?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"नाही होणार," तोकुजिरो म्हणाले. "तिच्यासारखी लोणची तुला कुठली जमायला! पण पोरी, जुने तिघे या पाण्यात नाहीत. दारात आहेत."

ती धावतच घराकडे गेली. एकेक मासा काचेच्या डबीत घेऊन तिने उजेडात धरला. पाठीवरच्या पराला खाच. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याला तिने दोनदा पाहिलं.

"खाच नरालाच असते. तिन्ही नर आहेत, आजोबा."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यामुळे काही बिघडलं नाही. मादीच उरली नाही, सगळं आधीच संपलं होतं."

पूर्वी शरद ऋतूत अकरा घरं मिळून तळं उपसायची. थट्टामस्करी चाले, काठावर रश्शाचं पातेलं रटरटे. आज भर वसंतात दोघांनी फळी काढली आणि दुकानातले मासे वेचून पिशवीत भरले. मिनोरीने वहीत लिहिलं: तळे, शून्य.

"आणि कुंडी?"

"कुंडी यादीत बसत नाही, आजोबा."

"आणखी किती जगतील?"

"फार तर वर्षभर. येईन मी बघायला."

"ये हो."

येत्या मार्चमध्ये तिचं शिक्षण संपणार, हे दोघांनाही माहीत होतं. चारची बस तिला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोकुजिरो सवयीने तळ्यावर गेले. तपासायला फळी नव्हती, अडवायला पाणी नव्हतं. ते परत आले आणि कुंडीशी उकिडवे बसून त्यांनी मासे मोजले. तीन. मग उगाच पुन्हा एकदा मोजले.